पंखधराच्या अमान्य शक्ती

नंदाखाल
९ जून २०२५

श्रीमती अँजेलिना तुस्कानो यांस, नमस्कार.

आपण पाठवलेले ‘पंखधर : इतिहास आणि शक्ती’ हे साडेचार पानांचे टिपण मी तीन वेळा वाचले. त्यातील मजकुराकडे वळण्यापूर्वी घटना त्यांच्या क्रमाने मांडतो, कारण आपल्या टिपणात तो क्रम कोठेही पाळलेला नाही.

एक. मार्च १९८६ मध्ये मी पंखधर या पात्राची कल्पना केली. तेव्हा मी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा अधिव्याख्याता होतो. आपले वडील सॅन्टन तुस्कानो आमच्या प्रयोगशाळेतील तक्ते रंगवण्यासाठी येत असत. त्यांनी माझ्या सांगण्यावरून त्या पात्राची चित्रे काढली.

दोन. ऑगस्ट १९८६ ते जानेवारी १९९१ या काळात ‘पंखधर’ या चित्रकथा-मासिकाचे चोपन्न अंक निघाले. कथा व संवाद माझे, चित्रे त्यांची.

तीन. डिसेंबर १९९० मध्ये आगाशीच्या एका शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो असता सलोनी नावाच्या विद्यार्थिनीने मला एक पोस्टकार्ड दाखवले. ते पंखधराच्या नावाने तिला आलेले होते. अर्धवट बोललेले वाक्य पंखधराला पूर्ण कळते, असे त्यात लिहिले होते. कोपऱ्यात आपल्या वडिलांनी काढलेला पंख होता. ‘सर, हे खरं आहे ना?’ असे तिने सर्वांसमोर विचारले. ते खोटे आहे असे मी सांगितले, कारण ते खोटे होते. चौकशी केल्यावर त्या एका शाळेत अशी सात पोस्टकार्डे निघाली.

चार. ६ जानेवारी १९९१ रोजी मी आपल्या वडिलांशी असलेला संबंध संपवला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

पाच. १९ फेब्रुवारी २०२५ रोजी माझ्या पत्नी द्वारका यांचे निधन झाले. या घटनेचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. आपल्या पहिल्या निरोपाला उत्तर देण्यास विलंब का झाला, एवढ्यापुरतीच ती नोंदवली आहे.

आता टिपणाविषयी. पंखधर हा जूचंद्रच्या मिठागरावरील पहारेकरी काशीराम. आपण त्याला पंख ‘समुद्रगरुडाच्या आशीर्वादाने’ मिळाल्याचे लिहिले आहे. मी आशीर्वाद वाटत नाही. मिठागराच्या एका जुन्या कुंडातील क्षारामुळे त्याची हाडे पक्ष्याच्या हाडांसारखी पोकळ झाली आणि खांद्यांतून पंख फुटण्यास तीन महिने लागले, हे पहिल्या अंकाच्या चौथ्या पानावर स्पष्ट आहे. त्याचा पंखविस्तार बारा फूट. झेप घेण्यापूर्वी त्याला तीस पावलांची धाव लागते. स्वतःखेरीज वीस किलोपेक्षा अधिक वजन त्याला उचलता येत नाही. पंख भिजले तर उड्डाण अशक्य. दृष्टी घारीची, परंतु केवळ उजेडात. पंखधराच्या शक्ती या पाचच आहेत. मर्यादा नसलेली शक्ती म्हणजे थाप, हे मी चोपन्न अंक सांभाळले.

आपल्या टिपणात याखेरीज आणखी सहा शक्ती आहेत. त्याला अंधारातही दिसते. पंख भिजले तर तो चालत येतो. तो आजारी पडतो, ही शक्ती कशी ते आपणच जाणे. यांपैकी एकही माझी नाही. या सहा शक्ती म्हणजे त्याच पोस्टकार्डांतील बनावट मजकूर आहे.

एकत्रित आवृत्तीसाठी प्रकाशकांना माझे संमतिपत्र ३१ जुलैपर्यंत हवे आहे, आणि मुखपृष्ठावर ‘निर्माते : एकनाथ राऊत, सॅन्टन तुस्कानो’ असे छापावे अशी आपली इच्छा आहे. ज्याने माझ्या पात्राच्या नावाने मुलांना खोटी पत्रे लिहिली, त्याला त्या पात्राचा निर्माता म्हणणे मला मान्य नाही. सहा शक्ती काढाव्यात, चित्रकाराचे नाव आतील पानावर घ्यावे, मग मी स्वाक्षरी करीन.

एकनाथ गंगाराम राऊत


गिरीज
१७ जून २०२५

राऊत सर, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, मेसेजला उत्तर देत नाही, म्हणून हे पत्र. शेवटचं पत्र मी शाळेत लिहिलं असेल, तेही दहा मार्कांसाठी. चुका सांभाळून घ्या.

तुमच्या पाचव्या मुद्द्यापाशी मी थांबले. काकू गेल्याचं आम्हाला कुणी कळवलंच नाही. बाकीचं पत्र मी दुसऱ्या दिवशी वाचलं. नंदाखालहून गिरीज ते किती लांब, आणि तरी चार महिने आम्हाला पत्ता नाही. पप्पांना कसं सांगायचं हे कळेना. शेवटी तुमचं पत्रच मोठ्याने वाचून दाखवलं, तुमच्या क्रमाने.

पप्पांची तब्येत तुम्हाला माहीत नसणार. नोव्हेंबरमध्ये अटॅक आला, मेंदूचा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळं समजतं. हो-नाही मानेने करतात. डाव्या हातात खडू धरतात, रेघ थरथरते. ‘पंखविस्तार बारा फूट’ वाचलं तेव्हा हसले, अर्ध्या तोंडाने. मला लहानपणी सांगायचे, ‘सरांचा पंखधर उडतो कमी आणि नियम जास्त सांगतो.’ काकूंचा मुद्दा वाचला तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

आता त्या सहा शक्ती. सर, त्या पप्पांनी घुसवलेल्या नाहीत. त्या द्वारकाकाकूंच्या आहेत. मुलांच्या पत्रांना उत्तरं काकू लिहायच्या, पप्पा फक्त कोपऱ्यात पंख काढायचे आणि पोस्टात टाकायचे. तुम्हाला हे माहीत असणारच असं धरून मी टिपणात वेगळं लिहिलं नाही. म्हणून तुमचं पत्र वाचून मी चक्रावले. मासिक बंद का पडलं असं विचारलं की पप्पा म्हणायचे, ‘सरांचं काम वाढलं.’ बाकी एक शब्द नाही. काहीतरी मोठा गैरसमज झालाय का?

मुखपृष्ठाबद्दल मी भांडणार नाही, विनंती करते. चोपन्न अंकांत पप्पांचं नाव शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली यायचं. मी अ‍ॅनिमेशनच्या कंपनीत आहे, तिथे कॉफी आणून देणाऱ्याचंसुद्धा नाव पडद्यावर येतं. पप्पांनी ते पुस्तक हातात घ्यावं आणि वर स्वतःचं नाव वाचावं, एवढंच मला पाहिजे. डॉक्टर तारीख सांगत नाहीत. पण घरात सगळ्यांना कळतं की पुढच्या नाताळाचं कुणी बोलत नाहीये.

काकूंसाठी रविवारी चर्चमध्ये मिसा सांगितली आहे. तुम्हाला चालणार नसेल तर माफ करा.

अँजेलिना


नंदाखाल
२० जून २०२५

श्रीमती अँजेलिना तुस्कानो यांस,

आपल्या वडिलांच्या प्रकृतीविषयी वाचले. त्याबद्दल खेद आहे.

आपले विधान मात्र चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे मी सांगू शकतो. आमचा विवाह १९७८ साली झाला. द्वारकाचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. पहिल्या वर्षी ती माहेरी केळव्याला गेली असता तिने मला तीन पत्रे लिहिली. ती मी तांबड्या शाईने तपासून तिला परत पाठवली. एखाद्याचे सदोष लेखन तसेच चालू देणे हा त्या व्यक्तीवर अन्याय आहे, असे माझे तेव्हाही मत होते. त्यानंतर तिने मला पत्र लिहिले नाही. मला किंवा इतर कोणालाही. वाणसामानाची यादीसुद्धा ती सांगत असे आणि मी उतरवून घेत असे. सत्तेचाळीस वर्षांत मी तिच्या हातात लेखणी पाहिली नाही.

अशा स्त्रीने माझ्या घरात राहून, माझ्या नकळत, माझ्या पात्राच्या नावाने पत्रव्यवहार केला, हे शक्य कोटीतील नाही. आपले वडील आता बोलू शकत नाहीत आणि ती हयात नाही. अशा वेळी एका मृत स्त्रीवर हा आरोप ढकलणे सोयीचे आहे. तो आपण जाणूनबुजून केला असे मी म्हणत नाही. आपले वय तेव्हा पाच-सहा वर्षांचे असावे.

पुरावा असल्यास पाठवावा. नसल्यास माझे ९ जूनचे पत्र अंतिम समजावे.

एकनाथ गंगाराम राऊत


गिरीज
२८ जून २०२५

राऊत सर,

आरोप? सर, मी तर ते कौतुकाने लिहिलं होतं.

पुरावा पाठवते. आमच्या माळ्यावर मेणबत्त्यांचं एक मोठं खोकं आहे. त्यात मुलांची तीनशे बारा पत्रं आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने उत्तराचा कच्चा मजकूर. पक्कं उत्तर पोस्टकार्डावर जायचं, कच्चं इथे राहायचं. टिपणातल्या सहा शक्ती मी याच खोक्यातून घेतल्या. त्यातल्या चाळीसांच्या झेरॉक्स सोबत आहेत, दोन्ही बाजूंच्या.

आणि माझं वय सहा होतं, पण सहा वर्षांच्या मुलीला दिसतं. मी पप्पांच्या सायकलवर पुढे बसून तुमच्याकडे यायचे. दर गुरुवारी. तुमचं प्रॅक्टिकल असायचं, तुम्ही संध्याकाळी उशिरा यायचात. मुलांची पत्रं छापखान्यात पडून असायची. तुम्ही तिथे सांगून ठेवलं होतं की त्यांची विल्हेवाट लावा. पप्पा ती पिशवीत भरून आणायचे. तुमच्या मागच्या पडवीत काकू विड्याची पानं निवडत बसलेल्या असायच्या. मोठं पान इकडे, डागाचं पान तिकडे, आणि मग जुड्या. लिहिलेली पोस्टकार्डं पानांच्या टोपलीत तळाला असायची. ओल लागू नये म्हणून मध्ये केळीच्या खोडाचं सोपट. त्यावर पानं. तुम्ही त्या टोपलीला कधी हात लावला नसेल, कारण ते बायकांचं काम.

त्यांचं बोलणं मला आजही ऐकू येतं.

‘सॅन्टन, ही तलासरीची पोर विचारते, पंखधर आजारी पडतो का. काय लिहू?’

‘सरांना विचारा की वहिनी. पात्र त्यांचं.’

‘त्यांना विचारलं तर ते पंखाचं क्षेत्रफळ सांगतील. पोर तापाने फणफणलीय, तिला क्षेत्रफळ घेऊन काय करायचंय?’

‘मग लिहा, पडतो म्हणून.’

‘पडतो, आणि कडू औषध घेताना नाक दाबतो. असं लिहिते. तू नाक दाबलेला काढशील?’

‘वहिनी, सर मला मारतील.’

‘तुला नाही मारणार. तुझ्याशिवाय चित्रं कोण काढणार? मारलं तर मला.’ आणि दोघं हसायचे. मला प्रत्येक वेळी एक केळं मिळायचं, गप्प बसण्याचं.

चाळीसातली तीन मी इथे उतरवते, कारण मला भीती वाटते की तुम्ही पाकीट उघडणारच नाही.

विरारच्या मयूरने विचारलंय, ‘तू उडताना पडतोस का?’ काकूंचं उत्तर : ‘पडतो. गुडघा फुटला की हळद लावतो. तू काय लावतोस ते कळव.’

एका राधिकाची आई दवाखान्यात होती आणि बाहेर पाऊस. ‘पंख भिजले तर मी चालत येईन. उशीर होईल, पण येईन. तोवर आईचा हात धरून बस, ते माझंच काम आहे असं समज.’

आणि तुमची सलोनी. ती बोलताना अडखळायची, सर. तिने स्वतःच लिहिलंय, की वर्गात पोरं हसतात म्हणून ती बोलतच नाही. काकूंनी लिहिलंय, ‘तू अर्धंच बोल. उरलेलं मला कळतं.’

त्या मुलीने सगळ्या शाळेसमोर तोंड उघडून तुम्हाला एक प्रश्न विचारला होता.

तुम्ही काकूंच्या हातात लेखणी पाहिली नाही असं लिहिलंत. बरोबर आहे. गुरुवारी तुम्ही घरी नसायचात.

मासिक बंद पडल्यावर काकू आमच्याकडे एकदाच आल्या. २०१२ साली, मम्मीच्या मातीला. मागे उभ्या राहिल्या. पप्पांशी बोलल्या नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या.

अँजेलिना


गिरीज
१९ जुलै २०२५

राऊत सर,

तीन आठवडे झाले. पाकीट मिळाल्याची पोचपावती माझ्याकडे आहे, १ जुलैची, तुमच्या सहीची.

गेल्या रविवारी मी नंदाखालला आले होते. फाटक उघडंच होतं. तुम्ही पडवीत बसला होतात, पुढे कागद पसरलेले, हातात भिंग. मी दोनदा ‘सर’ म्हणून हाक मारली. तुम्ही वर पाहिलंत, माझ्याकडेच पाहिलंत, आणि पुन्हा खाली पाहिलंत. रागावला होतात असं वाटलं नाही. पोस्टमनकडे पाहावं तसं पाहिलंत. मी परत फिरले. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘सरांचं असंच चाललंय काकू गेल्यापासून. वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात, पण माणूस जाग्यावर नाही.’

पप्पांना आता गिळता येत नाही. नाकातून नळी आहे. डावा हात अजून चालतो. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा.

३१ तारखेला बारा दिवस उरलेत. प्रकाशक म्हणतात संमतिपत्र वेळेत आलं तर पप्पांसाठी एक प्रत आधी काढून देतील. पंखधराचं काय करायचं ते करा, सर. हाडं पोकळ ठेवा, आशीर्वाद काढा, शक्ती पाच ठेवा की अकरा, मी काही बोलणार नाही. पप्पांचं नाव द्या.

अँजेलिना


नंदाखाल
२४ जुलै २०२५

श्री. सॅन्टन तुस्कानो यांस,

हे पत्र तुम्हाला आहे. अँजेलिनाने ते वाचून दाखवावे. मध्ये थांबून आपले म्हणणे त्यात घालू नये.

१ जुलै रोजी चाळीस पत्रांच्या प्रती मिळाल्या. तेव्हापासून मी उत्तर दिले नाही, कारण तपासणी पूर्ण झाली नव्हती. पेन्सिलचे अक्षर द्वारकाचे आहे किंवा नाही हे ठरवण्यासाठी तिच्या हस्ताक्षराचा नमुना हवा होता. माझ्या घरात तो नव्हता. मी कपाटे, पेट्या, तिच्या साड्यांमधील जागा, देव्हाऱ्याचा खण, स्वयंपाकघरातील डब्यांवरील चिठ्ठ्या हे सर्व पाहिले. चिठ्ठ्या माझ्या अक्षरातील आहेत. तिच्या तीन पत्रांचे तिने काय केले ते कळत नाही. सात दिवसांनी बँकेच्या एका अर्जाची जुनी प्रत सापडली, २००९ ची. त्यावर ‘द्वारका एकनाथ राऊत’ अशी स्वाक्षरी आहे. हे तिचे माझ्यापाशी असलेले एकमेव लेखन.

मी ती स्वाक्षरी आणि चाळीस पाने भिंगाखाली ठेवून अक्षराशी अक्षर ताडून पाहिले. तिचा ‘क’ पोटाशी गाठ मारल्यासारखा वळतो. तिची ‘द’ची शेपटी रेषेखाली जाते आणि तेथे थोडी थांबते. दोन्ही ठिकाणी सारखे आहे. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. तरीही निष्कर्ष निःसंशय आहे. पत्रे द्वारकाने लिहिली.

अँजेलिना त्या रविवारी आली होती हे मला ठाऊक आहे. ती कोण हे ओळखण्यास वेळ लागला, तोवर ती गेली होती. मला या प्रकाराचे काय वाटले असे तिने विचारू नये. काही वाटल्याचे मला आढळलेले नाही. फेब्रुवारीपासून ही स्थिती आहे. दहाव्या दिवशीही हीच होती. ही तक्रार नसून नोंद आहे. पाने वाचताना माझी जेवणाची वेळ चुकली नाही. मयूरच्या प्रश्नाचे उत्तर मी अनेकदा वाचले. त्या मुलाने नंतर काय लावतो ते कळवले होते काय, हे मला पाहायचे आहे. उरलेल्या दोनशे बहात्तर पत्रांच्या प्रती पाठवाव्यात.

यावरून पुढील गोष्टी सिद्ध होतात. डिसेंबर १९९० मध्ये मी एका मुलीला जे उत्तर दिले, ते देण्याचा अधिकार मला नव्हता, कारण प्रश्न मला विचारलेला नव्हता. ६ जानेवारी १९९१ रोजी मी तुमच्यावर जो आरोप केला तो खोटा होता. मी तो चौतीस वर्षे खरा मानला, आणि एकदाही तपासला नाही. प्रयोगशाळेत असे करणाऱ्याला मी नापास केले असते.

माझ्या ९ जूनच्या पत्रातील पहिला मुद्दाही चुकीचा आहे. मार्च १९८६ मध्ये तुम्ही लोलकाच्या तक्त्याच्या समासात खडूने एक पंख काढला होता. ‘हा काय प्रकार?’ असे मी रागावून विचारले. ‘काही नाही सर, हात मोकळा करत होतो,’ असे तुम्ही म्हणालात. त्यानंतर मी पात्राची कल्पना केली. पंख आधी होता, माणूस नंतर. क्रम मी उलटा लिहिला.

संमतिपत्र सोबत जोडले आहे, दोन प्रतींत, स्वाक्षरी केलेले. मुखपृष्ठावर ‘निर्माते : सॅन्टन तुस्कानो, एकनाथ राऊत’ असे छापावे, याच क्रमाने. अकराही शक्ती घ्याव्यात. त्यांतील एकाही शब्दाला कोणी हात लावू नये, असे मी प्रकाशकांना स्वतंत्र पत्राने कळवले आहे. समुद्रगरुडाचा आशीर्वाद मात्र काढावा. तो द्वारकाच्या मजकुरातही नाही.

एक गोष्ट उरते. सहा शक्ती जिच्या आहेत तिचे नाव मुखपृष्ठावर तिसरे असावे, असे मला दिसते. प्रकाशकांनी मुखपृष्ठ १४ ऑगस्टपर्यंत थांबवण्याचे मान्य केले आहे. परंतु ते नाव घालणारा मी कोण, हे मला ठरवता येत नाही. तिने ते लपवले होते. कोणापासून, हे उघड आहे.

म्हणून तुम्हाला विचारतो. ६ जानेवारीला सकाळी अकराच्या सुमारास तुम्ही माझ्या पुढच्या पडवीत उभे होतात. मी तुम्हाला लबाड म्हटले. त्याहून वाईट एक शब्द वापरला, तो येथे लिहीत नाही. तुम्ही माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिलेत. बराच वेळ पाहिलेत. अपराधी मनुष्य नजर चुकवतो आहे, असे मी समजलो. मग ‘बरं सर’ एवढेच म्हणून तुम्ही सायकल काढलीत. तुम्ही गेल्यावर मी वळलो तेव्हा दारात द्वारका चहाचे कप घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवले. ती काही बोलली नाही. मी काही विचारले नाही.

माझी तिच्याकडे पाठ होती. तुमची नव्हती.

तेव्हा दोनपैकी एक घडले असले पाहिजे. पहिले : तिने मान हलवून तुम्हाला गप्प राहण्यास सांगितले. दुसरे : ती बोलण्यासाठी पुढे येत होती, आणि तुम्ही तिला नजरेने थांबवलेत, आमच्या घरात वाद नको म्हणून. पहिले खरे असेल, तर ती मला भीत होती. जन्मभर भीत होती, आणि तसे असेल तर तिचे नाव माझ्या नावाशेजारी छापण्याचा मला अधिकार नाही. ते छापले जाणार नाही. दुसरे खरे असेल, तर तिला सांगायचे होते, आणि तिचे नाव छापले जाईल.

हे पाहिलेला मनुष्य आता एकच आहे. तुम्ही माझ्यावर दया करून उत्तर बदलू नये. एकदा तुम्ही तसे केले असण्याची शक्यता आहे. तुमच्या नावाचा या उत्तराशी संबंध नाही. ते कोणत्याही परिस्थितीत छापले जाईल.

माझा पत्ता घातलेले कोरे पोस्टकार्ड सोबत आहे. ‘पहिले’ किंवा ‘दुसरे’ यांपैकी एक शब्द पुरेसा आहे. डाव्या हाताचे अक्षर चालेल. मानेने दिलेले उत्तर चालणार नाही. अँजेलिनाने ऐकून लिहिलेले किंवा फोनवर कळवलेलेही चालणार नाही. मी १४ ऑगस्टपर्यंत रोज टपालाच्या वेळी फाटकाशी उभा राहीन.

उत्तर लेखी द्यावे.

एकनाथ राऊत